हलक्या कानाचा

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत, दुपारी दीडला
शेडच्या पत्र्याला हात लागला तर सालपट निघेल.
प्राडो उभी आहे, दोन हजार सातची, वाळूच्या रंगाची,
रहमा बिन्त नासिर बाईंची. कुरियातला गणित शिकवतात.
म्हणतात, आमरातचा घाट चढताना गाडी कचरते,
उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या पोरासारखी.

यंत्र जोडलं. पी शून्य तीन तीन शून्य.
दुसऱ्या बाजूचा नॉक सेन्सर.

मोडक्या अरबीत सांगितलं:
इंजिनाला कान असतो, बाई.
आत पेट्रोल भलत्या वेळी भडकलं, खडखडलं,
की तो कॉम्प्युटरच्या कानी घालतो,
आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो.
कानच गेला तर?
तर तो धरून चालतो, खडखड आहेच,
आणि मग कायम दबून राहतो.
"माझ्या वडिलांसारखा," बाई म्हणाल्या.
गाडी त्यांचीच होती.
पुढे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मॅनिफोल्ड उचलला. खाली दोन बाजूंच्या मधल्या घळीत
वाळू, खजुराची एक बी (कुठल्या उंदराची ठेव),
आणि ते दोन कान, सतरा वर्षं अंधारात बसलेले.
इम्तियाज परकारनं ब्लॉकवर हातोडीनं हलकेच टकटक केलं.
पहिल्याचा आकडा मीटरवर हलला.
दुसऱ्याचा नाही. वायर बदलून पाहिली. तरी नाही.

रूवीत मुराद बख्शच्या काउंटरवर तीन डबे.
पहिला चार रियालचा, कंपनीच्या नावात एक अक्षर कमी.
तो हलक्या कानाचा निघतो, टॅपेटची कुजबूजही त्याला भांडण वाटते.
दुसरा जुन्या गाड्यांचा, एकाच सुराला मान डोलावणारा,
त्याच्यातून बोल्ट जात नाही, तो स्वतःच बोल्ट.
तिसरा अठ्ठावीस रियाल.
"दोन्ही बदल ना," मुराद म्हणतो, "उघडलंच आहेस तर."
बाईंचा पगार आठवला.
आणि एक कान अजून ऐकतो आहे,
ऐकणाऱ्याला कशाला काढायचं?
एकच दे म्हटलं.

बैठक फडक्यानं पुसली, लखलखेपर्यंत.
वॉशर नाही, पेस्ट नाही, रंगाचा कण नाही,
धातूला धातू लागला पाहिजे.
वीस न्यूटन मीटर. पान्याचा टक्क आवाज आला की थांब.
इम्तियाजचा दंड बावीस वर्षांचा:
"आणखी एक फेरा, उस्ताद?"
नको रे बाबा.
जास्त आवळला तर बहिरा, सैल ठेवला तर भ्रमिष्ट.
सोनारानंच कान टोचावेत म्हणतात,
ते त्याच्याकडे सुई असते म्हणून नव्हे,
हात थांबवायचा कुठे ते त्याला कळतं म्हणून.

पूर्वी मी लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवून
मूठ कानाला लावायचो, आणि सिलिंडरचा नंबर सांगायचो.
सव्वीस वर्षं इम्पॅक्ट गन चालवली. डावा कान संपला.
हे गॅरेजात कोणाला माहीत नाही.

संध्याकाळी घाट. एसी बंद, काचा वर, तिसरा गिअर,
पाय पूर्ण दाबून.
"वाजतंय का रे?"
"नाही, उस्ताद."
"नीट ऐक."
"नाहीच वाजत."
माथ्यावर दोन शेळ्या रस्ता अडवून उभ्या होत्या.
थांबलो. त्याच्या शब्दावर गाडी पास केली.

जुना सेन्सर बाईंनी मागून घेतला,
रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

रात्री कुडाळला फोन लावला.
ती काहीतरी हळू बोलली, नेहमीसारखी.
नेहमी मी हो हो म्हणतो,
आणि मग रात्रभर धरून चालतो, काहीतरी बिघडलंय.
आज म्हटलं, अगो, जरा मोठ्यान बोल, माका ऐकाक येणा नाय.
पलीकडे क्षणभर शांतता.
मग इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खाटेवरचा शिबू उठून बसला:
"मगे इतकी वर्षां हो हो कित्याक म्हणत होतात?"